तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही

सोमवार, ७ जानेवारी

ताजी बातमी: हार्लन क्वाली शनिवारी दुपारी पाइन पॉइंट वृद्धाश्रमात दाखल झाला. त्याच्या बायकोने, मार्लिसने, आज सव्वादहाला पोस्टात दुजोरा दिला. दुसरा दुजोरा चर्चच्या ऑफिसातून. चाळीस वर्षं 'नॉर्ड लेक हेराल्ड' चालवलं, पण दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय मी कुणाच्या मरणाचीसुद्धा बातमी छापली नाही. निवृत्त झालो म्हणून ती सवय मोडायचं कारण नाही.

हार्लन एकोणऐंशीचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाहेर पारा शून्याखाली वीस असला तरी हा गृहस्थ रोज सकाळी हॉकीच्या स्टेडियममध्ये वरच्या सज्जातून नऊ फेऱ्या मारायचा. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, खिशात अक्रोड. भेटला की 'कसा आहेस' म्हणायच्या आधी आकडा सांगायचा. मागच्या हिवाळ्यात त्याने मला विचारलं होतं, "ओरिन, तू दिवसाकाठी किती चालतोस रे?" मी म्हणालो, "संडासापर्यंत. गरज पडेल तेव्हा."

मी आयुष्यात कधी व्यायाम केला नाही. मी घरी आहे आणि हार्लन पाइन पॉइंटमध्ये आहे. निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा.

हे आर्डिसला सांगितलं तेव्हा ती खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधत होती. "हं," म्हणाली. लग्नाला चौपन्न वर्षं झाली तरी या बाईचं 'हं' मला नीट वाचता येत नाही. नाड्या बांधायचा तिला अलीकडे छंद लागलाय. बांधू दे. वाकणं तिच्या वयाला चांगलं असतं म्हणे.

बुधवार, ९ जानेवारी

चर्चच्या तळघरात खुर्चीवरच्या व्यायामाचा वर्ग असतो. आर्डिस जाते, आणि मला घरी एकटं ठेवायचं नाही असं तिच्या मनाने घेतल्यामुळे मलाही जावं लागतं. मी भिंतीशी बसून कॉफी पितो.

आज पंधरा म्हातारे गोल करून बसले होते. मध्ये ट्रेसी नावाची पन्नाशीची बाई. "चला मंडळी, आता हात न टेकता उठायचं! वा, वा! शाब्बास!" मंडळींमध्ये शाळेचे जुने मुख्याध्यापक होते. त्यांची चाहूल लागली तरी पोरांची बोबडी वळायची. आज ते रबरी पट्टा ताणत होते, आणि ट्रेसीने सांगितल्यावर त्यांनी बदकासारखा आवाजही काढला, का, तर म्हणे त्याने फुप्फुसं मोकळी होतात. माणसाने इतकं जगू नये की त्याला बदक व्हावं लागेल.

ट्रेसी माझ्याकडे आली. "ओरिनकाका, एकदा उठून बघायचं का आमच्याबरोबर?"

"नको."

"थोडंसंच?"

"नको नको."

"अहो, एकदाच. माझ्यासाठी."

तिसऱ्यांदा विचारल्यावर आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. उठलो. म्हणजे आर्डिस मध्येच आली आणि माझ्या काखेत हात घालून उगाच लुडबुड करून गेली, त्यामुळे ते उठणं माझ्या खात्यावर धरलं गेलं नाही.

आर्डिस वाळूच्या पिशव्या उचलते. दंडांसाठी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या बाईला असं काय उचलायचंय, देव जाणे.

सोमवार, १४ जानेवारी

पेन बनवणाऱ्यांची अक्कल कुठे गेली कळत नाही. हल्लीच्या पेनांतून अक्षर बारीकच उमटतं, आणि ओळीच्या शेवटी जाईतो मुंगीएवढं होतं. शर्टांची बटणंही मुद्दाम लहान केली आहेत. कपांचे कान असे की निम्मी कॉफी बशीत. सगळ्या धंद्यांतून लाज गेली आहे.

डॉक्टरने मागच्या वर्षी माझ्या हाताला एका रोगाचं नाव दिलंय. ते मी या वहीत लिहिणार नाही. दुजोरा एकाच डॉक्टरचा आहे. (दुसऱ्याचाही आहे, पण तो पहिल्याचाच मित्र.)

शनिवार, १९ जानेवारी

मिनिआपोलिसहून कारी आली. आमची एकुलती एक. बरोबर फाइल, फाइलीला पाच रंगांच्या चिठ्ठ्या. एका मोठ्या ऑफिसात ती इतरांच्या कामांची वेळापत्रकं आखते, आणि सुट्टीच्या दिवशी आमची.

विषय: आर्डिसने वीस वर्षांपूर्वी घेतलेला विमा. म्हातारपणी कुणाला सांभाळायची वेळ आली तर घरी माणूस पाठवणारा. ती तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आणि आपल्या पगारातून तिने हा घेतला, आम्हा दोघांच्या नावाने. मी तेव्हा 'भीती विकणारे' असा अग्रलेख लिहिला होता. आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही.

नियम असा: सहा कामं. आंघोळ, कपडे, जेवण, संडास, पलंगावरून खुर्चीत बसणं, आणि सहावं सभ्य माणसाने लिहू नये. यांतली दोन ज्याला एकट्याने जमत नाहीत त्याच्यासाठी विमा लागू. कंपनीची नर्स घरी येऊन बघणार.

"बाबा, सरळच सांगते," कारी म्हणाली. "एक तर घरी रोज मदत यायला हवी, नाहीतर पाइन पॉइंट. तिसरा रस्ता नाही. आई एकटी हे ओढू शकणार नाही."

"काय ओढायचंय तिला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आर्डिस उठून केक कापायला गेली. डाव्या हाताने कापला. उजवा खांदा शरद ऋतूपासून गेलाय तिचा, आतला स्नायू फाटलाय. दुधाच्या कॅनपेक्षा जड काही उचलायचं नाही म्हणून डॉक्टरने बजावलंय. कसा फाटला ते ती अजून सांगत नाही. त्या वाळूच्या पिशव्या, दुसरं काय.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. या दोघी माझ्यापासून लपवताहेत. पाइन पॉइंटला आर्डिसला पाठवायचं चाललंय.

कागद आले. अक्षर इतकं बारीक की वाचणं शक्य नाही. चाळीस वर्षं गावाला शिकवलं, वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून. आर्डिसने जिथे बोट ठेवलं तिथे मी सही केली.

रविवार, २० जानेवारी

आर्डिस गेली तर काय, हा प्रश्न लिहून ठेवतो. उत्तर लिहीत नाही.

पण बेत ठरलाय. ती नर्स आली की तिला दिसलं पाहिजे की या घरात एक धडधाकट पुरुष आहे आणि तो बायकोला सांभाळायला समर्थ आहे. म्हणजे आर्डिसला कुठे हलवायचा प्रश्नच उरणार नाही. आर्डिस सकाळी वाणसामानाला जाते तेव्हा वीस मिनिटं मिळतात. आज त्या वेळात जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठून पाहिलं. अकरा प्रयत्न. दोनदा जमलं.

हे ट्रेसीला कळता कामा नये.

शुक्रवार, २५ जानेवारी

नऊपैकी पाच.

मंगळवार, २९ जानेवारी

नर्स येऊन गेली. सविस्तर लिहितो.

आर्डिस पावणेपाचला उठली. आधी घर पुसलं. बाहेरचं माणूस तपासायला येणार तर घर स्वच्छ नको? न्हाणीघरातली माझी खुर्ची आणि ते प्लॅस्टिकचं भांडं गॅरेजमध्ये नेऊन ताडपत्रीखाली ठेवलं. पाहुण्यांना असलं काही दिसू नये. मग मला आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट, टाय. बटणं तिनेच लावली, कारण घाई होती. मग खजुराच्या वड्या केल्या. साडेनऊला ती ओट्याला टेकून उभी होती आणि उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता. मी म्हणालो, "दमलीस इतक्यातच? तू त्या वर्गाला जातेस ना?"

"हं," म्हणाली.

दहाला डेलिया ओर्नेलास आली. चाळिशीची, टेक्सासची. नवऱ्याच्या बदलीमुळे ऑक्टोबरमध्ये इकडे आलेली. अंगावर तीन कोट, त्यांतला एकही उपयोगाचा नाही. मला 'मिस्टर ओरिन' म्हणत होती, नाटकात असल्यासारखं.

आर्डिसने वड्या पुढे केल्या. "घ्या ना."

"थँक यू!" म्हणत तिने पहिल्या झटक्याला दोन उचलल्या. दोन! आमच्याकडे माणूस आधी नको म्हणतो, मग अहो खरंच नको म्हणतो, मग तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, अगदी अर्धी' म्हणून एक घेतो. आर्डिसचा आग्रह तोंडातच राहिला. ताट हातात धरून ती तशीच उभी.

मग प्रश्न. आधी मला. मी घरातला कर्ता, साक्षीदार म्हणून आधी मलाच विचारणार, हे ओघानेच आलं.

"मिस्टर ओरिन, आंघोळीला मदत लागते का?"

"नाही नाही."

"कपडे घालायला?"

मी टायकडे बोट दाखवलं. ती हसली. टिक.

"खुर्चीतून उठायला?"

याचीच वाट पाहत होतो. हात मांडीवर ठेवले, पुढे झुकलो आणि उठलो. बसलो. पुन्हा उठलो. तीन वेळा, हात न टेकता! डेलियाने टाळी वाजवली. "वा! माझ्या वडिलांनाही हे जमत नाही." मी आर्डिसकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वाटलं, आनंदाने.

मग डेलिया तिच्याकडे वळली. "यांना सांभाळणं तुम्हाला जड जातं का?" प्रश्नाचा रोख मला कळला नाही. नर्सच्या तोंडची भाषा, झालं.

"छे, तसं काही नाही," आर्डिस म्हणाली. "चाललंय आमचं."

"आठवड्यातून पाच दिवस कोणी मदतीला आलं तर आवडेल?"

"नको, उगीच कुणाला त्रास कशाला."

आणि आर्डिस थांबली. मीही थांबलो. आता ती 'अहो, त्रास कसला' म्हणणार, मग आर्डिस 'खरंच नको' म्हणणार, मग तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुम्हाला सोयीचं असेल तर' म्हणणार. लहान मुलालाही कळतं.

डेलिया म्हणाली, "ग्रेट!" टिक केलं, फाइल मिटली आणि निघाली. दारात आर्डिसने उरलेल्या वड्या बांधून दिल्या. त्याही तिने पहिल्या झटक्याला घेतल्या.

असल्या गावंढळ बाईला नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीबद्दल काय बोलावं. पण माझं काम चोख झालं. आता आर्डिसला कोणी हलवत नाही.

संध्याकाळचा स्वयंपाक तिने डाव्या हाताने केला. खांदा दुखत असणार.

शनिवार, २ फेब्रुवारी

उठायचा सराव बंद केला. कारण उरलं नाही. पाय दुखतात, पण ते बुटांमुळे.

सोमवार, ११ फेब्रुवारी

कंपनीचं पत्र आलं. आर्डिस शेजारी गेली होती, म्हणून मीच उघडलं. भिंग लावून दोनदा वाचलं.

'दावेदार: ओरिन हाउगेन. दावेदार सहाही कामं स्वतंत्रपणे करतो. खुर्चीतून आधाराशिवाय तीन वेळा उठून दाखवलं. मदत देऊ केली असता नाकारली. पत्नीनेही मदत नको असल्याचं सांगितलं. दावा नामंजूर.'

दावेदार: ओरिन हाउगेन.

भाषा साधी आहे, व्याकरण शुद्ध आहे, वाक्यं आटोपशीर आहेत. संपादक म्हणून एकही दुरुस्ती सुचवता येत नाही, याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आर्डिसशी बोललो नाही. माझ्या पाठीमागे माझ्याच नावाने कागद करणारी माणसं घरात आहेत. सही माझी आहे, ते माहीत आहे. मुद्दा तो नाही.

सकाळी मोजे स्वतः घालायचं ठरवलं. एक घातला. नंतर दहा वाजले.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी नऊच्या सुमारास न्हाणीघरात टबाबाहेर येताना मी खाली बसलो. 'पडलो' हा शब्द मी वापरत नाही. लागलं काही नाही. आर्डिसने उचलायचा प्रयत्न केला, एका हाताने. मग दोन्ही हातांनी, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला जो मी चौपन्न वर्षांत ऐकला नव्हता. मग तीही माझ्याशेजारी फरशीवर बसली. माझ्या अंगावर टॉवेल टाकला.

"फोन करू का कुणाला?" तिने विचारलं.

"नको. लोक कामात असतील."

"हो. शुक्रवार आहे."

असे आम्ही दीड तास बसलो. मध्ये तिने हात लांबवून दुसरा टॉवेल ओढला. गप्पाही मारल्या. कारी लहानपणी टबात कशी झोपायची, वगैरे. हसलोसुद्धा एकदा. मग मी विचारलं, "खांदा कसा फाटला गं?"

"तुला टबातून काढताना," ती म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये. तू पाय घसरला म्हणाला होतास." नळाकडे बघत म्हणाली. माझ्याकडे नाही.

बातमी साडेचार महिने जुनी. सगळी माहिती मी बसलो होतो त्या फरशीवरच होती, आणि मी ती मिळवली नाही.

साडेदहाला मागच्या दाराने मार्लिस आली, बशी परत द्यायला. हार्लनची मार्लिस. आम्हाला पाहून ती न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. उंच आहे ती. बर्फाचे बूट तसेच पायात.

"रुग्णवाहिकेच्या पोरांना बोलावू?"

"नको गं," आर्डिस म्हणाली.

"उचलून ठेवतील फक्त."

"कशाला त्यांना उगाच."

"आर्डिस, बोलावू का?"

"बरं. त्यांना दुसरं काम नसेल तर."

फोन झाल्यावर मार्लिस कमोडच्या झाकणावर बसली आणि कंपनीच्या पत्राचं ऐकून कोरडं हसली. "डेलिया आली होती ना? तीच आमच्याकडेही. हार्लनने तिला घड्याळ दाखवलं. म्हणाला, नऊ फेऱ्या! तो फेऱ्या मारायचा खरा, पण घरी आल्यावर स्वतःची पँट कुठली आणि माझी कुठली, ते कळायचं नाही त्याला. मी म्हणाले, चाललंय आमचं. दोनदा नको म्हणाले. वाटलं, पुन्हा विचारेल."

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय. माझ्या पाठीचं हाड गेलं डिसेंबरात. मग पाइन पॉइंट." ती उठली. "तिच्या टेक्सासकडचे लोक एकदाच विचारतात, ओरिन. वाईट नसतात. त्यांना वाटतं आपण बोलतो ते खरं."

बुधवार, २० फेब्रुवारी

हार्लनला भेटायला गेलो. मार्लिसच्या गाडीतून. आर्डिसला बरोबर घेतलं नाही.

पाइन पॉइंटचे पडदे किळसवाणे आहेत. नारिंगी. जेवणाचा वास सकाळपासूनच मारतो, आणि तो कुठल्याच एका पदार्थाचा नसतो. भिंतीवर 'आजचा वार' लिहिलेला फळा आहे, आणि वार चुकीचा होता. मी खडूने दुरुस्त केला. तेवढ्यात अर्धा तास गेला, कारण खडूही हल्ली वाईट येतात.

हार्लन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होता. "चौदा," मला पाहून म्हणाला.

"कसा आहेस?"

"वाईट नाही." घड्याळ आता मनगटावर नाही, पण तो मनगटाकडे पाहत होता. "तू?"

"वाईट नाही."

"जेवण वाईट नाही," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "मार्लिस चारला येते. पाचला जाते. तिला सांग ना, घरी जायचं म्हणून. मी तिला विचारलं होतं. दोनदा."

हे मी मार्लिसला सांगितलं नाही. ती गाडी चालवत होती आणि रस्त्यावर बर्फ होता.

घरी आलो तेव्हा आर्डिस खिडकीत होती. मी तिला म्हणालो, "कारीला फोन लाव."

सोमवार, २५ फेब्रुवारी

कारीने अपील केलं. मागितल्याशिवाय कंपनी दुसरी तपासणी देत नाही, आणि ही शेवटची. सहा मार्च, बुधवार, दहा वाजता. नर्स तीच. कारीने फोनवर बजावलं, "बाबा, या वेळी नाटक नाही. रोज जसं असतं तसंच. आईने काहीही लपवायचं नाही. आणि पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर. पहिल्या. कळलं?"

"मला बोलायला शिकवू नकोस."

"तेच तर शिकवायचंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. माझीच मुलगी. फोन ठेवायची पद्धत माझी.

गॅरेजमधून खुर्ची आणि भांडं परत जागेवर आलं. इतके दिवस मीच आणू दिलं नव्हतं. दिवसभर मी त्या खुर्चीकडे पाहिलं नाही, पण तिच्यावर बसलो.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

आर्डिस नर्स झाली. समोर फाइल म्हणून पाककृतींची वही.

"मिस्टर ओरिन, आंघोळीला मदत लागते का?"

"नाही ना—" पूर्ण व्हायच्या आत तिने वही टेबलावर आपटली.

"पुन्हा. आंघोळीला मदत लागते का?"

"तशी काही फारशी..."

"ओरिन."

"तू विचारतेस म्हणून येत नाही. तुला माहीतच आहे उत्तर."

"मला माहीत असून काय उपयोग?"

तासभर चाललं. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला खुर्चीवर बसवून एक शब्द उच्चारायला शिकवताहेत. ट्रेसीच्या वर्गातली बदकं बरी. घाम आला मला. शेवटी एकदा तो शब्द निघाला. आर्डिसने वही बंद केली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघून म्हणू नकोस. मग मी मध्ये पडेन. 'तसं काही नाही' म्हणेन. मला माहितीये मी म्हणेन."

तिलाही येत नाही तो शब्द. मी उलटून विचारलं. "बाई, यांना सांभाळणं जड जातं का?" तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि उठून भांडी घासायला गेली. स्वच्छ होती ती भांडी.

रविवार, ३ मार्च

चर्चमध्ये पाद्रीबुवांनी विचारलं, "कसं काय ओरिन?" सगळ्या गावासमोर. म्हणालो, "फार बरं नाही." त्यांनी पुढच्या माणसाकडे आधीच हात केला होता, तो तसाच हवेत राहिला. मागच्या बाकावरची बाई खोकली. या गावात असलं उत्तर मी जन्मात ऐकलेलं नाही, आणि त्यांनीही नाही. पाद्रीबुवा म्हणाले, "अच्छा... अच्छा," आणि हवेतला हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला, पण तिथून तो कुठे न्यायचा ते त्यांना कळेना.

एवढी वर्षं हा माणूस दर रविवारी 'कसं काय' विचारतोय. उत्तराची तयारी कधीच नव्हती त्याची. ढोंगी.

सरावासाठी म्हणून म्हणालो होतो. बाहेर आल्यावर आर्डिसने माझा हात धरला. निसरडं होतं म्हणून असेल.

मंगळवार, ५ मार्च

उद्या काय अपेक्षित आहे ते लिहून ठेवतो. दुजोरा कंपनीच्या पत्राचा आणि कारीच्या फोनचा.

आर्डिस पावणेपाचला उठणार नाही. सातला उठेल आणि घर पुसणार नाही. हे तिला माझ्याहून जड जाणार आहे. आजच तिने दोनदा फडकं हातात घेतलं आणि दोनदा खाली ठेवलं. दाढी नाही, टाय नाही. कालच्या पायजम्यात, मोज्यांशिवाय, मी पलंगाच्या कडेवर बसलेला असेन. आयुष्यात पहिल्यांदा परक्या बाईसमोर असा. कपाट बंद, शर्ट आत. आर्डिस स्वयंपाकघरात असेल, दार लोटून, म्हणजे मला तिचा चेहरा दिसणार नाही आणि तिला माझा.

दहाला डेलिया येईल. मी उठून उभा राहणार नाही. पाहुणी आल्यावर न उठणं माझ्या बापाने मला कधी माफ केलं नसतं, पण तो पंचावन्नाव्या वर्षी गेला, त्याला काय कळणार.

ती पहिल्यांदा आंघोळीचं विचारेल. दार लोटलेलं आहे, आर्डिस ऐकत असेल. ती बाई एकदाच विचारेल आणि पेन टेकवून थांबेल, फार तर दोन श्वास.

उत्तर एका अक्षराचं आहे. आज सरावात ते सात वेळांपैकी चार वेळा वेळेवर आलं.